सदुसष्ट अंश, साठ मिनिटं

कॅस्केड जातीचे २८ ग्रॅम हॉप्स उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे माल्ट भिजवून काढलेल्या गोड पाण्यात, तासभर राहू दिले, तर बिअरला कडवटपणा येतो आणि हॉप्सचा वास जवळजवळ उरत नाही. तेवढेच हॉप्स गॅस बंद करताना टाकले, तर कडवटपणा बेताचाच येतो, पण ग्लास ओठांना लागण्याआधी पपनसाच्या सालीचा वास नाकात शिरतो. बिअर आंबून झाल्यावर तेच हॉप्स त्यात तीन-चार दिवस नुसते बुडवून ठेवले, तर वास आणखी हिरवट, ताज्या फुलाच्या जवळचा येतो. जात तीच, वजन तेच, पाकीटही तेच. बदलते ती वेळ आणि उष्णता.

धान्यापासून घरी बिअर करणं म्हणजे मुख्यतः या दोन गोष्टींचा हिशेब सांभाळणं. साहित्य चारच प्रकारचं: पाणी, बार्लीचं माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. कृती पोस्टकार्डावर मावेल. तरीही एकाच कृतीवरून दोघांनी केलेली बिअर सहसा सारखी लागत नाही, कारण एकाचा थर्मामीटर ६४ वर होता आणि दुसऱ्याचा ६९ वर. हे नीट समजावं म्हणून या प्रकरणात आपण एकच बिअर पहिल्या दाण्यापासून बाटलीपर्यंत बघू: अमेरिकेतली, हॉप्सचा हात सढळ असलेली अँबर एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). रंगाने तांबूस, चवीला आधी कॅरमलकडे झुकणारी आणि शेवटी कडवट. तिच्यात धान्याची आणि हॉप्सची चव जवळजवळ तोलास तोल असते, त्यामुळे कुठे काय बिघडलं ते लपत नाही.

कार्टर यांची सही

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, बिअरला मिळाली नाही. लोक करायचे ते गुपचूप. डब्यात मिळणारा माल्टचा पाक, वर साखर आणि पावाचं यीस्ट एवढ्यावर काम भागवायचे. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि चित्र बदललं. १ फेब्रुवारी १९७९ पासून एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर कर न भरता करता येऊ लागली. अट एकच, ती विकायची नाही. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे राहिले. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

त्याच १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन १९७६ पासून घरगुती ब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवत होते. त्यांनी पॉल कामुसी यांच्यासोबत दुग्धशाळांमधली जुनी भांडी जमवून सिएरा नेव्हाडा ही ब्रूअरी उभी केली आणि १९८० मध्ये तिथे पहिली बिअर शिजली. त्या सुमारास सगळ्या अमेरिकेत शंभराहून कमी ब्रूअरी उरल्या होत्या. आज त्यांची संख्या नऊ हजारांच्या वर आहे. त्यातल्या कितीतरी मालकांचा पहिला घाणा घरच्या गॅसवरच निघालेला असतो.

या सगळ्यांच्या हाती एक नवं पीकही आलं होतं. अमेरिकी कृषी खातं आणि ओरेगन स्टेट विद्यापीठ यांनी कॉर्व्हॅलिस इथे वाढवलेली कॅस्केड ही हॉप्सची जात १९७२ मध्ये बाहेर पडली. युरोपातल्या जुन्या जातींचा वास गवताचा, मसाल्याचा किंवा मातीचा. हिचा वास लिंबूवर्गीय फळांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये ती वापरली, पुढे सिएरा नेव्हाडाच्या पेल एलने तिला घरोघरी नेलं. पेल एलमध्येच थोडं गडद, भाजलेलं माल्ट वाढवलं की तयार होते ती अँबर एल. कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो परगण्यातल्या हॉपलँड गावात १९८३ मध्ये आलेली रेड टेल एल ही या घराण्यातली जुनी बिअर. आज स्पर्धांचे परीक्षक अमेरिकन अँबर एलकडून साधारण साडेचार ते सहा टक्के अल्कोहोल आणि २५ ते ४० एकक कडवटपणा अपेक्षित धरतात. आपण पस्तीसच्या पुढे, म्हणजे वरच्या टोकाला जाऊ.

ओबामांच्या काळात व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरातही बिअर झाली होती. तिथल्या बागेतल्या पोळ्यांचा मध घातलेल्या त्या एलची कृती २०१२ मध्ये जाहीर करण्यात आली. त्या कृतीत माल्टचा तयार पाक होता. पाक वापरला की दोन-तीन तास वाचतात, पण बिअरचं अंग किती भरीव असावं हा निर्णय कारखान्याने आधीच घेतलेला असतो. धान्यापासून सुरुवात केली की तो आपल्याकडे येतो.

तांबूस रंग येतो कुठून

बार्लीचा कोरडा दाणा पिठूळ असतो. त्यातल्या स्टार्चवर यीस्टचं काही चालत नाही, त्याला साखर लागते. म्हणून दाणा आधी भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि कोंब फार वाढण्याआधी गरम हवेने वाळवतात. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून दळणाऱ्या घरांना हे नवं नाही. लहान मुलांच्या नाचणीसत्त्वात आणि ब्रूअरीच्या माल्टमध्ये तत्त्व एकच आहे. मोड येताना दाणा स्वतःसाठी एन्झाइम्स तयार करतो. ही एन्झाइम्स पुढे स्टार्चची साखर करणार असतात. वाळवताना त्यांना न मारता थांबवणं ही माल्ट करणाऱ्याची कसोटी.

साधारण ८० अंश सेल्सिअसला वाळवलेलं माल्ट फिकट राहतं. अँबर एलमध्ये चार पंचमांश वाटा याचाच. रंग आणि चव देतं ते क्रिस्टल माल्ट. त्याची रीत वेगळी आहे. मोड आलेला दाणा ओला असतानाच ६५-७० अंशांवर कोंडून ठेवतात, त्यामुळे दाण्याच्या आतच स्टार्चची साखर होते. मग उष्णता शंभराच्या बरीच वर नेतात आणि ती साखर आतल्या आत भाजली जाते. असा दाणा दाताखाली धरून बघावा. साधं माल्ट पिठासारखं भुगा होतं, क्रिस्टल माल्ट कडकन फुटतं, आतून काचेसारखं चकाकतं आणि जिभेवर टॉफी, मनुका, किंचित जळक्या साखरेची चव ठेवून जातं. ही साखर यीस्टला पूर्ण पचत नाही. बिअरमध्ये ती गोडसर भरीवपणा म्हणून राहते.

किती भाजलं याचं माप लोव्हिबाँड अंशांत सांगतात. जोसेफ लोव्हिबाँड हे इंग्लंडमधले ब्रूअर. बिअरचा रंग रंगीत काचांशी ताडून बघण्याचं उपकरण त्यांनी १८८० च्या दशकात तयार केलं. ४० लोव्हिबाँडचं क्रिस्टल माल्ट टॉफीसारखं लागतं, ८० चं मनुकांकडे झुकतं, १२० चं जळक्या साखरेपर्यंत जातं.

आपल्या १९ ते २० लिटरच्या घाण्यासाठी धान्य असं: फिकट दुरांगी बार्लीचं माल्ट ४.२ किलो, म्युनिक माल्ट ४५० ग्रॅम, क्रिस्टल ४० चं ३५० ग्रॅम, क्रिस्टल ८० चं २०० ग्रॅम आणि चॉकलेट माल्ट फक्त ४० ग्रॅम. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं, ते जवळजवळ कॉफीइतकं भाजलेलं माल्ट आहे. सव्वापाच किलोत ४० ग्रॅम म्हणजे एक टक्काही नाही. त्याची चव कळत नाही, पण पिवळट तपकिरी रंग लालसर होतो तो त्याच्यामुळे. हौसेने क्रिस्टल माल्ट दुप्पट करण्याचा मोह टाळावा. बिअर चिकट होते आणि नंतर कितीही हॉप्स ओतले तरी गोडी हटत नाही.

सदुसष्ट अंश

दाणे भरडायचे, दळायचे नाहीत. आतला गाभा फुटायला हवा, पण टरफल शक्य तितकं अखंड राहायला हवं, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. पीठ झालं तर वर्ट गळतच नाही.

अमेरिकेत घरी ब्रूइंग करणारे बरेच जण ही भरड गरम पाण्यात भिजवायला (या मिश्रणाला मॅश म्हणतात) सहलीला बर्फ न्यायचा प्लास्टिकचा गोल कूलर वापरतात. तळाशी जाळी आणि बाहेर तोटी बसवली की झालं. बर्फ वितळू न देणारी पेटी गरम पाणीही तासभर गरम ठेवते. धान्याच्या किलोला तीन लिटर या हिशेबाने सुमारे १६ लिटर पाणी ७३-७४ अंशांपर्यंत तापवून कूलरमध्ये ओततात आणि भरड हळूहळू सोडत ढवळतात. धान्य थंड असल्यामुळे तापमान उतरून ६७ वर स्थिरावतं. सुरुवातीला मिश्रण पांढुरकं, गढूळ, पेजेसारखं दिसतं. वीस-पंचवीस मिनिटांत वरचं पाणी निवळू लागतं, रंग चहासारखा होतो आणि चमचाभर चाखलं तर गोडी स्पष्ट लागते. बाहेरून कोणी साखर घातलेली नसते.

आत दोन एन्झाइम्स काम करत असतात. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या तोडतं आणि माल्टोज ही यीस्टला सहज पचणारी साखर तयार करतं. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात, सत्तरीकडे ते लवकर निकामी होतं. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडतं. त्याचं राज्य ६८ ते ७२ अंशांत. त्याने केलेले मोठे तुकडे यीस्टला खाता येत नाहीत, ते बिअरमध्ये राहतात आणि तिला अंग देतात. मॅश ६४ अंशांवर ठेवला तर बिअर कोरडी, हलकी आणि थोडी जास्त चढणारी होते. ७० वर ठेवला तर जडपणा येतो. ६७ ला दोघांनाही आपापला वाटा मिळतो. हॉप्सची कडवट बाजू पेलायला अँबर एलला थोडं अंग हवंच असतं, म्हणून हा आकडा.

स्टार्च संपला की नाही हे बघायला आयोडीन पुरतं. पांढऱ्या बशीत थेंबभर वर्ट आणि त्यावर आयोडीनचा थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, पिवळट तपकिरी राहिला तर काम झालं. साधारण तासाभरात होतं. तपासलेलं वर्ट फेकून द्यायचं, परत भांड्यात ओतायचं नाही.

मग तोटी हळू उघडायची. पहिलं दोन-तीन लिटर वर्ट गढूळ येतं, ते परत वरून ओततात. टरफलांचा थर बसला की धार स्वच्छ होते. उरलेली साखर धुऊन काढायला ७६ अंशांच्या आसपासचं १४-१५ लिटर पाणी वापरतात. या उष्णतेला एन्झाइम्स थांबतात आणि ६७ ला ठरलेला हिशेब तसाच राहतो. पाणी याहून फार गरम किंवा अल्कधर्मी असेल तर टरफलांतली टॅनिन्स उतरतात आणि बिअर तुरट लागते. शेवटी भांड्यात सुमारे २५ लिटर वर्ट जमतं आणि कूलरमध्ये ओला चोथा उरतो. चोथा गुरांना चालतो, घरचे पावाच्या पिठातही मिसळतात.

पाण्याची एक सूचना इथेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टच्या संगतीत औषधी, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा वास तयार करतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची छोटी गोळी ते काढून टाकते. पाण्यात जिप्सम घातलं तर सल्फेट वाढून कडवटपणा टोकदार होतो. कॅल्शियम क्लोराइडने माल्टची गोलाई वाढते. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या एल प्रसिद्ध झाल्या त्या तिथल्या विहिरींमधल्या जिप्समच्या पाण्यावर.

साठ मिनिटं

हॉप्स ही वेल. तिच्या मादी फुलांचे हिरवे, खवल्याखवल्यांचे शंकू वापरतात. एक शंकू उभा चिरला तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड दिसते. तिला ल्युपुलिन म्हणतात आणि ब्रूअरला हवं ते सगळं तिच्यात असतं: कडवटपणाची राळ आणि वासाची तेलं. वेलीला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात, त्यामुळे ती थंड प्रदेशांत रमते. अमेरिकेतलं बहुतेक पीक वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून येतं. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात तिची लागवड आहे. दुकानात मिळतात ते दाबून केलेले, हवाबंद पाकिटातले पेलेट.

राळेतली अल्फा आम्लं थंड पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि तशी ती कडूही नसतात. उकळत्या वर्टमध्ये त्यांच्या रेणूची रचना बदलते, आयसो-अल्फा आम्लं तयार होतात आणि ती विरघळतात. कडवटपणा हाच. हे काम सावकाश चालतं. तासभर उकळूनही अल्फा आम्लांतला पाव हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. तेलांचं उलट आहे. ती वाफेबरोबर उडून जातात, पहिल्या काही मिनिटांतच. आम्लांना वेळ हवा, तेलांना वेळ नको. त्यामुळे हॉप्स हप्त्याहप्त्याने टाकावे लागतात.

वर्टला उकळी फुटते तेव्हा भांड्याशेजारून हलायचं नाही. प्रथिनांचा तपकिरी फेस क्षणात काठावर येतो आणि उतू गेला तर शेगडीवर साखरेची जळकी साय बसते. आच कमी करत, ढवळत राहिलं की फेस बसतो आणि प्रथिनं गाठी होऊन तरंगू लागतात. आता घड्याळ लावायचं. सुरुवातीला मॅग्नम जातीचे १४ ग्रॅम. त्यांत १४ टक्क्यांच्या आसपास अल्फा आम्लं असतात, त्यामुळे एवढ्यात वीसहून जास्त एकक कडवटपणा मिळतो. शेवटची दहा मिनिटं राहिली की कॅस्केड २८ ग्रॅम, पाच मिनिटं राहिली की सेंटेनियल जातीचे २८ ग्रॅम. गॅस बंद करताना दोन्ही पुन्हा २८-२८ ग्रॅम. वर्ट ८० अंशांच्या खाली आल्यावर कडवटपणा तयार होणं मंदावतं, पण तेलं विरघळत राहतात. म्हणून काही जण शेवटचा हप्ता टाकून वीस मिनिटं झाकण ठेवून थांबतात आणि मगच वर्ट निववायला घेतात.

उकळताना मात्र झाकण ठेवायचं नाही. फिकट माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचं संयुग तयार होतं, त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो. उघड्या भांड्यातून ते वाफेबरोबर निघून जातं.

तासाभराने वर्टमध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडून त्यातून थंड पाणी खेळवतात. अर्ध्या तासात वर्ट वीस अंशांच्या आसपास येतं. इथून पुढे ज्या वस्तूचा वर्टला स्पर्श होणार, ती प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. उकळलेलं, गोड आणि कोमट वर्ट हे हवेतल्या कोणत्याही जिवाणूला आमंत्रण असतं. लॅक्टोबॅसिलसला ते मिळालं तर बिअर आंबट होते.

हायड्रोमीटर बुडवून घनता बघायची. आपल्या हिशेबाने ती १.०५५ च्या जवळ यायला हवी. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा.

अठरा अंश

वर्टची बिअर यीस्ट करतं. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहून नको असलेले जीव बिअर कशी बिघडवतात ते दाखवलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियान हान्सन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि ब्रूअरला हवं तेच यीस्ट निवडता येऊ लागलं. अँबर एलसाठी कॅलिफोर्निया घराण्याचं एल यीस्ट घेतात. ते स्वतःची चव फारशी मिसळत नाही, माल्ट आणि हॉप्सना पुढे येऊ देतं. साडेअकरा ग्रॅमचं कोरडं पाकीट एका घाण्याला पुरतं.

यीस्ट टाकण्यापूर्वी भांडं जोरात हलवून वर्टमध्ये हवा मिसळायची. सगळ्या प्रक्रियेत हवा हवीशी असते ती एवढ्याच क्षणी, कारण वाढीसाठी यीस्टला प्राणवायू लागतो. मग भांडं बंद करून एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप, लावायची. दुसऱ्या दिवशी त्यातून बुडबुडे सुटतात आणि वर जाड फेस चढतो.

इथे बहुतेक नवख्यांची फसगत होते. खोली २० अंशांची असली तरी आंबणाऱ्या वर्टचं तापमान तीन-चार अंश जास्त असू शकतं, कारण आंबणं ही उष्णता सोडणारी क्रिया आहे. पंचविशीच्या वर यीस्ट घाईने काम करतं आणि तीव्र वासाची जड अल्कोहोल सोडतं. पेंट थिनरची आठवण करून देणाऱ्या बिअरमागे अनेकदा तीच असतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस वर्ट १८-१९ अंशांवर धरून ठेवतात. ज्यांच्याकडे खास फ्रिज नाही ते भांडं पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलतात. शेवटी शेवटी २०-२१ पर्यंत वाढू दिलं तर यीस्ट डायअॅसिटिल हे लोण्याच्या वासाचं संयुग परत शोषून घेतं.

आठवड्याभरात बुडबुडे थांबतात. आता सुरुवातीला सांगितलेला तिसरा हप्ता: कॅस्केड आणि सेंटेनियल २८-२८ ग्रॅम, तीन-चार दिवस. जास्त दिवस ठेवले तर गवताचा वास येतो. हॉप्समध्येही थोडी एन्झाइम्स असतात. ती उरलेल्या न पचणाऱ्या साखरेचे तुकडे करतात आणि शांत झालेलं यीस्ट पुन्हा जागं होतं. म्हणून बुडबुड्यांवर भरवसा ठेवायचा नाही. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा १.०१३ च्या आसपास स्थिर राहिला, तरच आंबणं संपलं. १.०५५ वरून १.०१३ म्हणजे सुमारे साडेपाच टक्के अल्कोहोल.

बाटल्या भरताना १९ लिटरला सुमारे ११० ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळतात. बंद बाटलीत यीस्ट तीही खातं आणि त्यातून बिअरला वायू मिळतो. साखर अंदाजाने घातली किंवा आंबणं संपण्याआधी बाटल्या भरल्या, तर काच फुटते, आणि ती इजा किरकोळ नसते. बाटल्या तपकिरीच हव्यात. उजेडात आयसो-अल्फा आम्लांपासून असं संयुग तयार होतं की बिअरला स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीची उपमा देतात. दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवून मग फ्रिजमध्ये. मुरवण्याचा नाद इथे नको. कॅस्केडचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो, कॅरमलची चव ओल्या पुठ्ठ्याकडे सरकू लागते.

आपल्याकडे

घरी केलेली दारू म्हटलं की आपल्याकडे मिथेनॉलची भीती आठवते. ती अकारण नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली. पण तिथे मिथेनॉल मिसळलेलं होतं. बार्लीपासून आंबवलेल्या, ऊर्ध्वपातन न केलेल्या बिअरमध्ये धोका व्हावा इतकं मिथेनॉल तयार होत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने घरच्या बिअरला दिलेली सवलत घरी मद्य गाळायला मात्र दिली नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतो. स्वतःपुरती पाच लिटर केली तरी तो गुन्हाच. शंभर गॅलनसारखी सवलत त्यात नाही. ही प्रक्रिया डोळ्यांनी बघायची असेल तर परवानाधारक मायक्रोब्रूअरी हा मार्ग आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डुलाली ही राज्यातली सुरुवातीची. अशा ठिकाणच्या काचेआडच्या स्टीलच्या टाक्यांत हेच मॅश, हेच उकळणं आणि हेच थंड ठेवणं चालतं, फक्त बर्फाच्या बाटल्यांऐवजी टाकीभोवती थंड द्रव फिरत असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचा नियम आणि वयाची अट आधी बघून घ्यावी.

ज्यांना परवानगी आहे त्यांना एक सल्ला. महागडी स्टीलची भांडी नंतर घ्या, आधी खात्रीचा थर्मामीटर घ्या आणि बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का ते तपासा. प्रत्येक घाण्याचं तापमान, मिनिटं आणि घनता वहीत लिहा. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला: मॅश दोन अंशांनी खाली किंवा कॅस्केड पाच मिनिटं उशिरा. दोन गोष्टी एकदम बदललेल्या बिअरमधून शिकायला काहीच मिळत नाही.